मनोबलाचा उपदेश आणि बुडालेला रोज

कर्करोगाने गाठलेल्या विशी-तिशीतील तरुणाला औषधांच्या चिठ्ठीबरोबर एक उपदेश फुकट मिळतो : मन खंबीर ठेवा. उपदेशकांच्या सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. खचलेला रोगी उपचार अर्धवट सोडू शकतो, हेही खरे. परंतु मन कशाने खचते, हे न विचारता दिलेला धीर ही निव्वळ शाब्दिक भूतदया होय.

वसई पूर्वेकडील गोखिवरे परिसरातील औद्योगिक गाळ्यांकडे पाहावे. ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्या पंचविशीतील कामगाराचे निदान झाले, की त्याचा रोज बुडू लागतो. रिक्षाने वसई रोड, लोकलने दादर, पुढे परळचे टाटा स्मारक रुग्णालय. सोबत भाऊ आला तर त्याचाही खाडा. केमोथेरपीने गळालेला देह घेऊन त्याच वाटेने परतायचे. अपंगांच्या डब्यात कर्करुग्णांना मुभा आहे. पण धडधाकट दिसणाऱ्या तरुणावर तेथे आपला आजार कागदाने सिद्ध करण्याची पाळी येते.

याहून खोल जखम निराळीच. काही औषधांनी व किरणोपचारांनी प्रजननक्षमता जाऊ शकते. उपचारांपूर्वी वीर्य वा स्त्रीबीज गोठवून ठेवता येते. पण तो खर्च कोणी सोसायचा, आणि मुळात हा विषय कोणी कोणापाशी काढायचा? मुलीचे लग्न अडेल या भयाने आजार घरातच दडपला जातो. मग ती रडणार तरी कोणाजवळ? साठीच्या रोग्यापुढे हे प्रश्न सहसा नसतात.

१९४८च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कामगार राज्य विमा योजनेत कर्करोगासारख्या दीर्घ आजारात दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के रक्कम देण्याची तरतूद झाली. मनोबलाची याहून नेमकी व्याख्या कोणत्या मानसशास्त्रज्ञाने केली आहे? मात्र तिला सलग दोन वर्षांच्या नोकरीची अट जडली, आणि ठेकेदारीचे सारे कसब ही सलगता तोडण्यातच आहे! महात्मा फुले जनआरोग्य योजना रुग्णालयाचे बिल भागवते, बुडालेला रोज नव्हे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाने मानसोपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. तो हक्क वसई-विरार महापालिकेच्या दवाखान्यात समुपदेशकाच्या रूपाने कर्करुग्णाला भेटला पाहिजे, ही मागणी पक्षाने लावून धरावी. उपचारानंतर त्याच कामावर परत घेण्याची हमी, ही दुसरी.

तूर्त गोखिवऱ्यातील कार्यकर्त्यांनी गाळ्यागाळ्यांत जाऊन कोणाची विमा योजनेत नोंद झाली आहे आणि कोणाची नाही, याची यादी करावयास घ्यावी.