हवामानाचा तक्ता: अंदाज वेगळा, इशारा वेगळा

आपल्याकडे बहुतेक मशिदींत नमाजच्या वेळांचा तक्ता लावलेला असतो. फज्र इतक्या वाजता, जोहर इतक्या वाजता. सूर्याच्या गतीवरून काढलेला तो हिशेब मिनिटाला पक्का असतो, आणि पुढच्या शंभर वर्षांचा आजच मांडता येतो. जूनपासून मोबाइलवर आणखी एक तक्ता फिरू लागतो, नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा. त्यात विदर्भाचे जिल्हे, पुढच्या पाच-सात दिवसांच्या तारखा आणि हिरवे, पिवळे, नारिंगी चौकोन असतात. आपली गडबड अशी होते की हा दुसरा तक्ताही आपण पहिल्यासारखाच वाचतो. चौकोन नारिंगी म्हणजे पाऊस आलाच पाहिजे, आणि नाही आला की खातं खोटारडं.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे आधी शब्दांकडे लक्ष जातं. मराठीत ‘अंदाज’ म्हणजे अदमास. उर्दूत त्याला ‘अंदाजा’ म्हणतात, आणि नुसता ‘अंदाज’ म्हणजे ढंग, लकब. ‘इशारा’ हा तर मूळ अरबी शब्द. उर्दूत इशारा म्हणजे खूण, डोळ्याने केलेली सूचना. मराठीत आला आणि त्याची धमकी झाली. हवामान खात्याच्या कागदावर अंदाज आणि इशारा या दोन स्वतंत्र गोष्टी असतात. अंदाज सांगतो काय होण्याची शक्यता आहे. इशारा सांगतो की तुम्ही किती सावध राहायचं. चौकोनाचा रंग या दुसऱ्या गोष्टीचा आहे. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. हिरव्या चौकोनाच्या दिवशीही पाऊस पडू शकतो, साधा, शेताला हवा तसा. आणि पिवळा चौकोन कधी पावसासाठी नसतोच, विजा आणि वादळी वाऱ्यासाठी असतो. म्हणून चौकोनातलं चित्र आणि खालची ओळ वाचल्याशिवाय रंगावरून काही ठरवू नये. बातम्यांमध्ये मात्र ‘वर्ध्याला यलो अलर्ट’ एवढंच येतं आणि लोक छत्र्या शोधू लागतात.

मागच्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याचे वडील शाळेच्या फाटकाशी मला म्हणाले, ‘‘सर, काल तुमच्या त्या खात्यानं ऑरेंज देल्ला अन् आपल्या इथं एक थेंब नाही पडला.’’ मी म्हटलं, ‘‘काका, खाली काय लिहिलं होतं?’’ लिहिलं होतं: जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता.

त्या ‘तुरळक ठिकाणी’ या दोन शब्दांवर मी वर्गात अख्खा तास घेतला तरी कमी पडेल. खात्याच्या भाषेत ते मोजलेले शब्द आहेत. तुरळक किंवा एक-दोन ठिकाणी म्हणजे पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर. काही ठिकाणी म्हणजे 26 ते 50 टक्के, बऱ्याच ठिकाणी म्हणजे 51 ते 75, आणि जवळपास सर्व ठिकाणी म्हणजे त्याहून वर. इंग्रजी तक्त्यात याचीच अक्षरं असतात: आयएसओएल, एससीटी, एफडब्ल्यूएस, डब्ल्यूएस. आता आपला वर्धा जिल्हा आठ तालुक्यांचा. उत्तरेला आपलं कारंजा, दक्षिणेला हिंगणघाट आणि समुद्रपूर. तक्त्यात या सगळ्यांना मिळून एकच चौकोन. हिंगणघाटच्या बाजूला दोन ठिकाणी मुसळधार पडला आणि आपण कोरडे राहिलो, तरी तो अंदाज बरोबरच ठरतो. काकांचा थेंबही खरा, खात्याचा नारिंगीही खरा.

‘मुसळधार’ हाही आपला घरगुती शब्द नाही. 24 तासांत 15.5 मिलिमीटरपर्यंत हलका, 64.4 पर्यंत मध्यम, 64.5 पासून 115.5 पर्यंत मुसळधार, 204.4 पर्यंत अति मुसळधार, आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. मिलिमीटर म्हणजे किती हे मुलांना विचारलं तर पट्टी दाखवतात. सोपं आहे. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी ओतलं की एक मिलिमीटर. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे चार हजार लिटरांहून थोडं जास्त. 65 मिलिमीटर म्हणजे एकरी अडीच लाख लिटरांच्या वर. शेतकऱ्याला हा आकडा आणखी एका कारणाने पाठ असावा: महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर सरकारी कागदावर ती अतिवृष्टी, आणि नुकसानभरपाईची गोष्ट तिथून सुरू होते. मंडळाच्या पर्जन्यमापकात 63 भरले आणि तुमच्या धुऱ्यावरून 90 मिलिमीटर वाहून गेले, तर भांडायला निदान आकडा तरी माहीत हवा.

तारखेचीही एक गंमत आहे, आणि ती मुसलमान वाचकाला पटकन कळावी. आपली इस्लामी तारीख मगरिबला बदलते, मध्यरात्री नाही. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. 5 जुलैचा अंदाज म्हणजे 5 च्या सकाळी साडेआठपासून 6 च्या सकाळी साडेआठपर्यंत. 6 तारखेला फज्रच्या वेळी कोसळलेला पाऊस हा 5 तारखेच्या चौकोनातला. पाचला पाऊस नाही म्हणून हसणारे सहाला भिजतात आणि तरीही खात्यालाच हसतात!

आता कारंजाच्या लोकांसाठी दोन गोष्टी. मोबाइलच्या अॅपमध्ये नुसतं ‘कारंजा’ लिहिलं तर समोर आलेलं कारंजा वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड तर नाही ना, हे आधी बघा. कोकणात उरणजवळ करंजा आहे, ते वेगळंच. दुसरं म्हणजे आपला तालुका जिल्ह्याच्या टोकाला आहे. महामार्गाने नागपूरकडे निघालो की कोंढाळी लागते आणि ती नागपूर जिल्ह्यात. तक्त्यातले रंग जिल्ह्याच्या सीमेवर थांबतात, ढग थांबत नाहीत. म्हणून मी वर्ध्याची ओळ वाचून झाली की नागपूर आणि अमरावतीच्या ओळीही वाचतो. तिन्ही ओळींत एकाच दिवशी रंग चढत असेल तर ती गोष्ट मोठी आहे.

तक्ता जिथून येतो तो नकाशाही एकदा बघावा. वेड्यावाकड्या गोल रेषा असतात त्या समान दाबाच्या. मधला आकडा बाहेरच्यापेक्षा कमी असेल तर तो कमी दाबाचा पट्टा, आणि आपल्या गोलार्धात वारा त्याभोवती घड्याळाच्या उलट फिरतो. रेषा जितक्या जवळ तितका वारा जोराचा. बंगालच्या उपसागरात असा गोल तयार झाला आणि छत्तीसगडमार्गे पश्चिमेकडे सरकू लागला की दोन-तीन दिवसांत विदर्भाचे चौकोन रंग बदलतात. उलट पावसाचा मुख्य पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की तिकडे पूर आणि इकडे उघडीप. हे एकदा डोळ्यात बसलं की तक्त्यातला रंग कुठून आला ते दिसतं.

काही जण धर्माचा आधार घेतात. सुरे लुकमानची शेवटची आयत सांगतात, पाऊस पाडणारा अल्लाह आहे, मग हे खातं गैबचं ज्ञान सांगणारं कोण? माझं म्हणणं असं की खातं गैब सांगतच नाही. उपग्रहातून दिसलेले ढग, मोजलेला दाब, मोजलेला वारा यांवरून ते शक्यता मांडतं आणि स्वतःच ‘शक्यता’ हा शब्द लिहितं. दुष्काळात नमाज-ए-इस्तिस्का पढणाऱ्या माणसाने पेरणीआधी तक्ता बघितला तर त्याच्या ईमानाला काय धक्का लागतो, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. आणि आपण मुसलमान शेतकरी तरी कुठे हिजरी महिन्यावर पेरतो? हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, मोहरम कधी पावसाळ्यात तर कधी हिवाळ्यात. म्हणून आपले बापजादेही मृग, आर्द्रा, हस्त याच नावांनी शेती करत आले. पंचांगात मृगाचं वाहन बेडूक की कोल्हा हे आपल्या मोहल्ल्यातही विचारलं जातं. मला त्याचा राग नाही. फक्त कारंजाला आणि कणकवलीला एकच वाहन कसं चालेल, एवढंच विचारावंसं वाटतं.

हे सगळं सांगायचं कारण बियाण्याची पिशवी आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पण रोहिणीत एक सर आली, शेजाऱ्याने तिफन काढली, की आपल्याला दम निघत नाही. सोयाबीन जमिनीत जातं आणि मग दहा दिवस ऊन. दुबार पेरणी म्हणजे बियाणं पुन्हा, मजुरी पुन्हा, आणि उधारी पहिल्यापेक्षा महाग. अशा वेळी पहिल्या दिवसाचा चौकोन न बघता पुढचे सगळे दिवस बघायचे असतात. ओळीत पुढे ‘कोरडे’ लिहिलेलं असेल तर थांबायचं. पाचव्या दिवसाचा अंदाज पहिल्या दिवसाइतका पक्का नसतो, म्हणून रोज नव्याने वाचायचा. एप्रिलमध्ये पेपरात येतो तो आकडा तर पेरणीच्या कामाचाच नाही. 2024 ला सरासरीच्या 106 टक्के पावसाचा अंदाज होता, प्रत्यक्षात 108 टक्के पडला. म्हणजे खात्याची पाठ थोपटावी असाच. पण ती सरासरी अख्ख्या देशाची, चार महिन्यांची, 87 सेंटीमीटरची. त्यातून कार नदीच्या काठी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात काय होईल ते कळत नाही.

दोष फक्त वाचणाऱ्याचा आहे असं मी म्हणणार नाही. ‘तुरळक’ म्हणजे 25 टक्क्यांपर्यंत, हे त्याच कागदाच्या तळाशी मोठ्या अक्षरांत मराठीत छापायला काय हरकत आहे? आणि आम्हा शिक्षकांचं काय? भूगोलाच्या पुस्तकात समभार रेषा आहेत, परीक्षेत दोन गुणांची व्याख्या येते, आणि मुलगा घरी जाऊन बापाच्या मोबाइलवरचा तक्ता वाचू शकत नाही. वर्गात आठवड्यातून एकदा तो तक्ता फळ्यावर उतरवायला दहा मिनिटं लागतात. पुढच्या आठवड्यात काय झालं ते मुलांनीच त्याखाली लिहायचं. भाषेचा तास असला तरी चालतं, कारण शेवटी हे वाचनच आहे.

विजांसाठी मात्र हा पाच दिवसांचा तक्ता पुरत नाही. त्यासाठी पुढच्या तीन तासांची सूचना येते, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अॅप जवळपास पडणाऱ्या विजा दाखवतं. दुपारी निंदणाला गेलेल्या बायकांपैकी एकीच्या तरी मोबाइलमध्ये ते असावं. आणि तक्त्याचा फोटो पुढे पाठवण्याआधी वरच्या कोपऱ्यात तो कोणत्या दिवशी, किती वाजता निघाला ते बघा. मागच्या महिन्याचा लाल चौकोन आजही तितकाच लाल दिसतो.