किलो नव्हे, परिबल विचारा

पक्षी, वन्यप्राणी किंवा चंद्र यांची छायाचित्रे काढायची हौस असलेली मंडळी आता गावोगाव दिसतात. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाणथळीवर रोहित पक्षी पाहायला गेलात, तर काठावर मांडीएवढ्या जाडीची टेलिफोटो भिंगे घेऊन बसलेले लोक हटकून भेटतील. भिंगावर भरपूर खर्च झालेला असतो. मग उरल्यासुरल्या पैशांत तिवई, म्हणजे ट्रायपॉड, आणि तिच्यावरचे हेड घ्यायचे असते. तेव्हा दुकानदाराला एकच प्रश्न विचारला जातो : ‘‘हे किती किलो वजन पेलते?’’ दुकानदारही पत्रक पाहून ‘‘पंचवीस किलो’’ असे सांगतो आणि सौदा होतो.

माझे म्हणणे असे, की हा प्रश्नच चुकीचा आहे आणि पत्रकात फक्त किलो छापणाऱ्या कारखानदारांनी तो चुकीचा ठेवण्यास हातभार लावला आहे. ज्या विद्यार्थ्याने परिबलाचा धडा समजून वाचला आहे, त्याने तरी तो असा विचारू नये.

का, ते आकड्यांनीच पाहू. ६०० मिलिमीटर नाभीय अंतराचे मोठ्या तोंडाचे एक भिंग घ्या. त्याचे वजन ३.८ किलो आणि कॅमेऱ्याचे १.२ किलो धरले, तर एकूण ५ किलो. आपण ते बॉल हेडवर, म्हणजे खोबणीत बसवलेल्या धातूच्या गोळ्यावर चढवले. भिंगाची नळी जाड, तिच्याखाली पाय, पायाखाली प्लेट, प्लेटखाली क्लॅम्प. असे मजले चढता चढता या सगळ्याचा गुरुत्वमध्य गोळ्याच्या केंद्रापासून १५ सेंटिमीटर वर जातो. भिंग आडवे आणि सरळ आहे तोवर गुरुत्वमध्य बरोबर गोळ्याच्या डोक्यावर असतो. वजनाची क्रियारेषा केंद्रातून जाते आणि परिबल शून्य. या स्थितीत हेडवर पंचवीस किलो ठेवा, पन्नास ठेवा, धातू काही वाकत नाही. पत्रकातला आकडा असा सरळ उभ्या भाराचा असेल तर तो खराच आहे, फक्त तुमच्या उपयोगाचा नाही.

आता समोरच्या झाडाच्या शेंड्यावर घार बसली आणि आपण भिंग ३० अंशांनी वर वळवले. गुरुत्वमध्य बाजूला झुकला. परिबल झाले ५ × ९.८ × ०.१५ × ०.५, म्हणजे सुमारे ३.७ न्यूटन-मीटर. एवढे परिबल गोळा आणि खोबणी यांच्यातील घर्षणाने थोपवायचे आहे. गोळ्याचा व्यास ४० मिलिमीटर असेल तर त्याची त्रिज्या फक्त २ सेंटिमीटर. तेव्हा गोळ्याच्या पृष्ठभागावर घर्षणबल लागेल १८४ न्यूटन, म्हणजे जवळजवळ १९ किलो वजनाइतके. ५ किलोच्या सामानासाठी १९ किलोचे घर्षण! गोळा ५४ मिलिमीटर व्यासाचा घेतला तर हाच आकडा १४ किलोच्या आसपास येतो. मोठा गोळा चांगला असे अनुभवी छायाचित्रकार सांगतात त्याचे कारण हे आहे.

आणि घर्षण पुरे पडले नाही तर? बॉल हेड सर्व दिशांना मोकळे असते. पेच थोडा सैल राहिला की भिंग आपल्याच वजनाने आदळते. जसजसे ते झुकते तसतसे परिबल वाढत जाते, त्यामुळे पडणे सुरू झाले की थांबत नाही. बोट मध्ये सापडले तर चांगलेच चेमटते आणि तिवई हलकी असेल तर सगळा संसार जमिनीवर येतो. समतोलाच्या तीन प्रकारांपैकी हा अस्थिर समतोल होय.

हे तीन प्रकार पुस्तकात शंकूच्या चित्राने शिकवले जातात आणि परीक्षेनंतर विसरले जातात. त्यापेक्षा एक लाकडी फूटपट्टी घ्या. बरोबर पंधरा सेंटिमीटरच्या खुणेवर तीन भोके पाडा : एक वरच्या कडेजवळ, एक मधोमध, एक खालच्या कडेजवळ. वरच्या भोकात खिळा घालून पट्टी टांगली तर ती हलवूनही पुन्हा आडवी येते. खालच्या भोकातून टांगली तर क्षणभरही आडवी राहत नाही, उलटते. मधल्या भोकातून टांगली आणि भोक अगदी गुरुत्वमध्यावर असेल, तर ज्या कोनात सोडाल त्या कोनात ती थांबते. हा उदासीन समतोल. नाव उदासीन असले तरी जड भिंगासाठी याच्याइतकी आनंदाची स्थिती नाही.

गिंबल हेड म्हणतात ते एवढेच करते. इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा एक भक्कम बाहू, खाली उभ्या अक्षाभोवती फिरणारा आणि वर आडव्या अक्षाभोवती झुलणारा. भिंग आडव्या अक्षाच्या वर न ठेवता असे टांगायचे, की दोन्ही अक्ष जेथे छेदतात तेथेच त्याचा गुरुत्वमध्य यावा. मग कोणत्याही कोनात परिबल शून्य. पेच न आवळताही पाच किलोचे भिंग एका बोटाने फिरते आणि सोडले तेथे थांबते. गुरुत्वमध्य २ मिलिमीटर चुकला तरी परिबल जास्तीत जास्त ०.१ न्यूटन-मीटरच्या घरात राहते, बॉल हेडच्या उदाहरणातल्यापेक्षा सदतीस पटींनी कमी. मोबाइलसाठी मोटार लावलेली जी गिंबले मिळतात ती वेगळी. या हेडला बॅटरी लागत नाही, कारण काम घर्षणावर किंवा मोटारीवर न टाकता भूमितीवर टाकलेले आहे.

कल्पना जुनी आहे. सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान जेरोलामो कार्डानो (१५०१–१५७६) याने अशा टांगणीचे वर्णन केले म्हणून तिला त्याचे नाव चिकटले, पण ती त्याच्याही पुष्कळ आधीची. जहाजावरचे होकायंत्र आणि दिवे असेच टांगत. मात्र तेथे गुरुत्वमध्य मुद्दाम अक्षाच्या खाली ठेवतात, कारण जहाज डोलले तरी दिवा आपोआप सरळ व्हावा अशी इच्छा असते. छायाचित्रकाराला भिंग आपोआप सरळ झालेले नको असते. यंत्र तेच, समतोल निराळा.

आता प्लेटकडे वळू, कारण गिंबल घेऊनही निम्मे लोक इथे फसतात. झटपट काढता-घालता यावी म्हणून भिंगाच्या पायाला धातूची लांब पट्टी लावतात आणि ती क्लॅम्पमध्ये सरकवतात. सर्वांत प्रचलित पट्टी आर्का-स्विस धर्तीची असते. रुंदी सुमारे ३८ मिलिमीटर, कडा ४५ अंशांत तिरप्या. सुतार लाकडाचा जो तिरका खाचेचा सांधा करतात तसाच हा प्रकार. क्लॅम्पचे जबडे बाजूने दाबतात, पण कड तिरकी असल्याने तो दाब पट्टीला खालच्या बैठकीवरही दाबून बसवतो. उतरणीचा नियम इतक्या नेटकेपणाने वापरलेला क्वचितच पाहायला मिळतो.

पट्टी लांब असते ती केवळ पकडीसाठी नव्हे. ती पुढेमागे सरकवून गुरुत्वमध्य अक्षाखाली आणायचा असतो. कॅननच्या ६०० मिलिमीटर एफ/४ भिंगाचे १९९९ मधील वजन ५.३६ किलो होते, २०१८ च्या आवृत्तीत ते ३.०५ किलोवर आले. पुढच्या टोकाकडची जड काचेची भिंगे मागे नेल्याने वजनाबरोबर गुरुत्वमध्याची जागाही बदलली. मधे वर्धक भिंग जोडले, पुढचा झाकणनळा काढला किंवा कॅमेरा बदलला, तरी तो सरकतो. म्हणून पट्टीवर प्रत्येक जोडणीसाठी पेन्सिलीची खूण करून ठेवावी.

पण पुढेमागे जुळवणे ही अर्धीच गोष्ट. वर-खालीही जुळवावे लागते आणि ते बहुतेक लोक करीतच नाहीत. ओळखायचे कसे? भिंग ३० अंश वर करून हात सोडा, मग ३० अंश खाली करून सोडा. दोन्ही वेळा ते परत आडवे येत असेल तर गुरुत्वमध्य अक्षाच्या खाली आहे, झोका उंचावा. दोन्ही वेळा आणखी कलंडत असेल तर तो अक्षाच्या वर आहे. आणि प्रत्येक वेळी नाकच खाली जात असेल तर पट्टी मागे घ्या. फूटपट्टीचा प्रयोग केलेल्या मुलाला हे पाठ करावे लागणार नाही.

क्लॅम्पचे दोन प्रकार मिळतात, पेचाचा आणि खटक्याचा. माझा कौल पेचाला. तिवईच्या स्क्रूला आंतरराष्ट्रीय मानक आहे (व्यास पाव इंच, इंचाला २० आटे, जड सामानासाठी तीन-अष्टमांश इंच, १६ आटे). या तिरप्या पट्टीला मात्र तसे सर्वमान्य मानक नाही. निरनिराळ्या कारखान्यांच्या पट्ट्या मिलिमीटरच्या अंशाने कमीजास्त असतात. खटका ठरावीक अंतरावरच मिटतो. त्यामुळे एखादी पट्टी बसत नाही, तर एखादी बसल्यासारखी वाटते आणि सैल असते. दुसरा प्रकार घातक. पेच मिळेल त्या रुंदीवर आवळला जातो, चार सेकंद जास्त लागले तरी चालेल. पट्टीच्या दोन्ही टोकांना खाली डोकावणारे छोटे अडस्क्रू असतात, तेही काढून टाकू नयेत. क्लॅम्प सैल राहिला तरी पट्टी घसरून बाहेर पडत नाही ती त्यांच्यामुळे. आणि भिंगाच्या पायाला पट्टी लावताना एक नव्हे, दोन स्क्रू लावा. एका स्क्रूवरचे लांब भिंग वाऱ्याने डावीकडे-उजवीकडे वळते तेव्हा तोच स्क्रू उकलत असतो.

कोणी म्हणेल, आता भिंगे हलकी झाली, कॅमेऱ्यात कंप घालवणाऱ्या यंत्रणा आल्या, मग हा खटाटोप कशाला? उडत्या पक्ष्यासाठी, भरपूर उन्हात, १/२००० सेकंदाच्या उघडझापीत हे म्हणणे मला मान्य आहे. होडीत तर तिवई उभी करूच नये, इंजिनाची थरथर तिच्या पायांतून थेट वर येते. पण घरट्यासमोर दोन तास बसायचे असेल, उजेड मावळला असेल, किंवा चलच्चित्र घ्यायचे असेल, तर हात थकतोच. चलच्चित्रासाठी घट्ट वंगण भरलेली फ्लुइड हेड्स असतात, त्यांत रोध वेगाबरोबर वाढतो आणि धक्के मुरतात. तो विषय मी इथे सोडतो.

स्थैर्याची गरज किती बारीक आहे तेही पाहा. ६०० मिलिमीटरच्या भिंगामागे ४५ मेगापिक्सेलचा पूर्ण चौकटीचा कॅमेरा असेल, तर एका पिक्सेलवर आकाशातील सुमारे दीड विकला एवढाच कोन येतो. १४० मीटरवर ठेवलेल्या १ मिलिमीटर लांबीचा कोन साधारण एवढा. ४० सेंटिमीटर लांब भिंगाचे पुढचे टोक ३ मायक्रोमीटर हलले की चित्र एका पिक्सेलने फासटले! केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही ही हालचाल कमी आहे. ‘वजन पेलते’ आणि ‘हलत नाही’ या दोन गोष्टी एक नव्हेत. झोपाळ्याची दोरीही वजन पेलतेच.

हे सगळे शाळकरी मासिकात लिहिण्याचे कारण मात्र छायाचित्रकारांचे भिंग नाही. ते महाग आहे आणि ज्याचे त्याने सांभाळावे. माझी तक्रार शाळांच्या दुर्बिणींबद्दल आहे. अनेक शाळा उत्साहाने दुर्बीण घेतात. नळी बरी असते, पण तिच्याखाली काड्यांसारख्या पायांची तिवई असते. आता हिशोब करा. कड्यांसकट शनीची रुंदी आपल्याला दिसते ४० ते ४५ विकला. ९० सेंटिमीटरची नळी एका कलेने, म्हणजे ६० विकलांनी डगमगली, तर तिचे टोक पाव मिलिमीटर हलते. डोळ्यांना ते कळतही नाही, पण दुर्बिणीत शनी स्वतःच्या रुंदीहून अधिक उडी मारतो. रांगेत अर्धा तास उभ्या राहिलेल्या मुलाला एक थरथरणारा ठिपका दिसतो. ‘‘दिसली का कडी?’’ असे सर विचारतात, मूल भिडेखातर ‘‘हो’’ म्हणते आणि खगोलशास्त्र कंटाळवाणे आहे असे समजून घरी जाते. पुढे ती दुर्बीण कपाटात जाते.

याला स्वस्त उपाय आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर लोकांना आकाश दाखवणाऱ्या जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) यांनी लोकप्रिय केलेली बैठक प्लायवूडच्या खोक्याची असते. नळीचा गुरुत्वमध्य आडव्या अक्षावर आणलेला, फिरण्यासाठी टेफ्लॉनच्या चकत्या आणि सनमायकासारखा गुळगुळीत पत्रा. थोडे घर्षण मुद्दाम ठेवलेले असते, म्हणजे नळी ढकलली की सरकते आणि सोडली की थांबते. पाहा, हे लाकडी गिंबलच झाले! गावचा सुतार ते दोन दिवसांत करून देईल आणि नववीचा वर्ग त्याची आखणी करू शकेल. दुर्बिणीसाठी ठरवलेल्या पैशांपैकी निदान एक तृतीयांश बैठकीसाठी राखून ठेवा, मग नळी थोडी लहान घ्यावी लागली तरी हरकत नाही, असे मी शिक्षकांना आग्रहाने सांगेन.

तयार तिवईच घ्यायची असेल तर दुकानात एक कसोटी करा. मधला दांडा पूर्ण खाली ठेवा, कारण तो वर काढला की तिवईची एककाठी होते. दुर्बीण किंवा भिंग दूरच्या टाकीच्या कठड्यावर रोखा, नळीच्या टोकाला बोटाने हलकी टिचकी मारा आणि कठड्याचे चित्र शांत व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. एका सेकंदात शांत झाले तर उत्तम, दोन-तीन लागले तर पाय आखूड करून पुन्हा मोजा, आणि पाच लागले तर ती तिवई परत करा. दुकानदार थोडा कुरकुरेल. त्याला हेडचे परिबल न्यूटन-मीटरमध्ये किती, तेही विचारून पाहा.