‘तू कोण?’ हे मुलाला नको, पुस्तकाला विचारा!



‘आपण सगळे सारखे’ असं आपण वर्गात सहज म्हणून जातो. पण कोण कुठल्या वस्तीतून येतं, कोणाच्या घरी पाणी प्यायचं नाही, हे मुलांना घरातूनच कळलेलं असतं. म्हणूनच ओळख या विषयावर नुसता उपदेश मुलांपर्यंत पोचत नाही. चित्रांचं पुस्तक मात्र पोचतं, असं माझं मत आहे.

‘भीमायन’ हे चित्रकथेचं पुस्तक बघा. 2011 साली नवयान प्रकाशनाने ते इंग्रजीत काढलं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. त्यात बाबासाहेबांच्या लहानपणचा, 1901 सालचा मसूर स्टेशनवरचा प्रसंग आहे. तेव्हा आपल्याकडे बार्शी लाइट रेल्वे सुरू होऊन चार वर्षं झाली होती. नऊ-दहा वर्षांचा भीम घरातल्या मुलांसोबत वडिलांकडे गोरेगावला निघालेला. अंगावर नवे कपडे. स्टेशन मास्तर आपुलकीने चौकशी करतात. पण ‘आम्ही महार’ हे ऐकताच मागे सरतात. गाडीवाले न्यायला तयार होत नाहीत. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचं, असं ठरतं. जवळ जेवणाचा डबा आहे, पण प्यायला पाणी कोणी देत नाही.

मुलं तीच, कपडे तेच. एका शब्दाने सगळं बदललं. कुर्डुवाडीसारख्या जंक्शनच्या गावातल्या मुलांना स्टेशन काही समजावून सांगावं लागत नाही. पुस्तक इंग्रजीत असलं तरी चित्रं दाखवत गोष्ट आपल्या मराठीत सांगता येते.

या पुस्तकात मायेचे शब्द पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात आहेत आणि टोचणारे शब्द विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. आपला पाठ इथेच सापडतो! मुलांना एकेक वाक्य द्या आणि विचारा, ‘हे कुठल्या फुग्यात घालाल?’ मास्तर मागे का सरले, गाडीवाल्याने पैसे घेतले मग पाणी का नाही दिलं, हेही विचारा.

मात्र एक पथ्य पाळाच. ‘तुझ्याबाबतीत असं झालंय का? तू कोणाचा?’ असं भर वर्गात कुठल्याही मुलाला विचारू नका. नाहीतर त्या स्टेशनवरचा प्रश्न आपणच पुन्हा विचारल्यासारखं होईल. प्रश्न नेहमी पुस्तकातल्या माणसांबद्दल हवा. स्वतःचं सांगायचं की नाही, हे मुलाने ठरवावं.

नंतर आठ पानांची वही द्या आणि ‘माझं घर’ लिहू-काढू द्या. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं लेकरू असो, नाहीतर बदलीवर आलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याचं. फुग्यात त्याच्या घरचीच बोली राहू द्या. ‘प्रमाण भाषेत लिही’ म्हणून लाल पेन चालवू नका.

‘एवढ्या लहान वयात हे कशाला?’ असं काही पालक विचारतात. पालकहो, मसूर स्टेशनवर उभा असलेला भीम आपल्या चौथीतल्या मुलाएवढाच होता. सोसायला ते वय लहान ठरलं नाही, मग समजून घ्यायला कसं लहान ठरेल?