माणदेशात कयाक? का नको?

पुण्यातल्या आयटीवाल्यांना दर दोन-तीन वर्षांनी एका नव्या छंदाची साथ येते. आधी ट्रेकिंग झालं, मग मॅरेथॉन, मग महागड्या सायकली (त्यातल्या निम्म्या आता गॅलरीत टॉवेल वाळत घालायच्या कामी येतात). सध्या कयाकिंग चालू आहे. शुक्रवारी रात्री रिलीज ढकललं की शनिवारी पहाटे पवना नाहीतर मुळशी. आम्हीही जातो, बायको आणि सात वर्षांच्या मुलीसकट, त्यामुळे हे हसणं स्वतःला धरूनच आहे.

तर मुद्दा असा, की हेच म्हसवडला का होऊ नये?

म्हसवड माझं गाव. सातारा जिल्हा, तालुका माण. ऑफिसात गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "तिकडे पाणी असतं का रे?" असतं की! सातारा-सांगलीच्या शिवेवर राजेवाडीचा तलाव आहे. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून इंग्रजांनी माण नदी अडवून तो बांधायला घेतला. जुन्या कागदपत्रांत त्याला म्हसवडचाच तलाव म्हणतात. पाणी कालव्याने पुढे आटपाडी-सांगोल्याकडे जातं. परतीचा पाऊस चांगला झाला, तर दिवाळीच्या सुमारास त्याच्या काठावर उभं राहून बघा, हा माणदेश आहे यावर विश्वास बसत नाही. आणि पाऊस नाही झाला, तर त्याच जागी भेगाळलेला गाळ. दोन्ही मी पाहिलंय.

ही कल्पना मी आमच्या आप्पांना (माझे चुलते) सांगितली. त्यांनी सुपारी कातरता कातरता वर पाहिलं आणि म्हणाले, "आरं, हितं प्यायला पाणी न्हाय आन् तुला त्यात खेळायचं व्हय?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणी होती. माणसं घरदार सोडून गुरांपाशी जाऊन राहिली होती. ज्यांनी टँकरची वाट बघत रात्री काढल्या त्यांना 'वॉटर स्पोर्ट्स' हा शब्द टोचणारच. पण मी आप्पांना एवढंच म्हटलं, की कयाक पाणी पीत नाही. आमच्या पुण्यात सोसायट्यांचे तरणतलाव टँकर मागवून भरतात, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. कयाक आहे त्या पाण्यावर चालते आणि पाणी तिथेच राहतं. डिझेल नाही, तवंग नाही.

खरं कारण मात्र वेगळंच आहे. आप्पांच्या पिढीतला जवळजवळ प्रत्येक जण पोहतो. पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून थोरल्या कुणीतरी विहिरीत ढकललं, की आलं पोहणं. मग विहिरी आटल्या आणि बोअर आल्या. आता बोअरमध्ये काय पोहणार? सहा इंचाचं भोक ते! परिणाम असा की माझ्या चुलतभावाची दोन्ही पोरं, एक नववीत आणि एक सहावीत, गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेलेली नाहीत. आणि नेमक्या याच काळात उरमोडी, जिहे-कठापूर, टेंभू या योजनांचं पाणी माण-आटपाडीकडे यायला लागलंय. कालवे वाहतायत, बंधारे भरतायत, शेततळी तर विचारूच नका (प्लास्टिकच्या निसरड्या कागदाचं शेततळं म्हणजे पोहता न येणाऱ्यासाठी सापळाच). पाणी आलं, पण पाण्याची ओळख मधल्या मध्ये गेली.

त्याची किंमत काय असते ते आपण वाचलेलं आहे. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यान वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण गेले. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट बुडाली. बारा मुलं, दोन शिक्षिका. अशा बातम्यांनंतर आपल्याकडे एकच उपाय निघतो: "पोरांना पाण्याकडे फिरकू देऊ नका." बग सापडला की फीचरच बंद करून टाकायचं, तसला प्रकार. मला हा उपाय पटत नाही, कारण पोरं फिरकायची ती फिरकतातच, फक्त चोरून आणि जॅकेटशिवाय.

कयाक मला यासाठी बरी वाटते, की नवशिक्यांसाठीची जी असते ती पसरट असते. आपण तिच्या आत नाही, वर बसतो. तळाला आरपार भोकं असतात, आत आलेलं पाणी आपोआप निघून जातं, त्यामुळे ती भरून बुडत नाही. उलटलीच तर सुलटी करून परत चढता येतं. आमच्या मुलीला पहिल्या दिवशी वल्हं हातात द्यायच्या आधी तासभर फक्त पडायला शिकवलं: जॅकेट घालून, कमरेएवढ्या पाण्यात, मुद्दाम. पडलं की होडी सोडायची नाही. पहिल्यांदा रडली. चौथ्यांदा स्वतःहून पडली आणि मलाही ओढलं. मग वल्हं मारणं. दोन्ही टोकांना पातं असतं, पायाच्या बोटांजवळ पाण्यात घालायचं आणि हाताने न ओढता कमरेतून वळायचं. (दिवसभर खुर्चीत मुटकुळं करून बसणाऱ्या माझ्यासारख्याला ही कंबर असल्याचं तेव्हाच कळलं.) सकाळी नऊच्या आत, वारा सुटायच्या आधी. काठ कायम जवळ. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर येताना वाराच आणून सोडतो.

दुष्काळी मुलखातला माणूस आणि वल्हं, हे काही अगदीच विचित्र नातं नाही. दत्तू भोकनळ आठवतो का? चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, वडिलांबरोबर विहिरी खणणारा. २०१२ मध्ये सैन्यात गेला, तिथे रोइंगची होडी बघितली, सुरुवातीला पाण्याला घाबरला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक. त्याच रिओत आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. ललिताला पळायला माळरान होतं. दत्तूला पाणी दिसायला आधी सैन्यात जावं लागलं. हे मला खटकतं.

आता भीती कशाची, तर आपल्याकडे अशी कुठलीही गोष्ट सुरू झाली की वर्षभरात तिथे मोटरबोट, केळ्याच्या आकाराची ती किंचाळणारी बोट, स्पीकर आणि मिसळीच्या टपऱ्या येतात. ते राजेवाडीला नको म्हणजे नको. हिवाळ्यात पक्षी येतात, मासेमारी करणारे आहेत, मेंढरं पाण्यावर येतात. हक्क त्यांचा पहिला. पाटबंधारे खात्याची रीतसर परवानगी, आठ-दहा कयाक, प्रत्येक मापाची जॅकेटं (मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं, हे लक्षात ठेवा), आणि पोहण्यात-जीवरक्षणात तयार केलेली गावातलीच चार पोरं. धक्का नको, काँक्रीट नको. ऑक्टोबरात होड्या काढायच्या, पाणी उतरलं की शाळेच्या पडवीत उलट्या घालून ठेवायच्या. दुष्काळ पडला तर त्या वर्षी काढायच्याच नाहीत. वर्षातले चार महिने भरणाऱ्या तलावाला एवढाच पसारा झेपतो.

पैशांचा प्रश्न येणार, तर शनिवार-रविवारी पुण्याहून येणाऱ्यांकडून नीट पैसे घ्या, आम्ही देतो. गावातल्या शाळेच्या मुलांना मात्र फुकट. आप्पांनी या हिशेबावर बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, "जाकीट माज्या मापाचं मिळतंय का?"