यकृताचे रक्षण आणि बाजाराचे मौन

कर्करोगावरील औषधे रोगपेशींचा नाश करतात, तेव्हा त्याची किंमत पुष्कळदा यकृतालाही मोजावी लागते. ल्युकेमियावर दिली जाणारी मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरीन व अ‍ॅस्परॅजिनेज ही याची परिचित उदाहरणे होत. रक्ततपासणीत यकृताची एन्झाइमे फार वाढलेली दिसली, की डॉक्टरांना औषधाची मात्रा कमी करावी लागते किंवा पुढे ढकलावी लागते. आणि उपचारातील हा खंड रोगाच्याच पथ्यावर पडतो. यकृताला सांभाळणारे स्वस्त द्रव्य हवे आहे ते यासाठी.

अँटिऑक्सिडंट द्रव्यांकडून तशी आशा बाळगली जाते. औषधांमुळे यकृतात निर्माण होणारी अतिक्रियाशील मूलके पेशींना इजा करतात व ही द्रव्ये त्यांना निष्प्रभ करतात, असा हा तर्क आहे. तो निराधार नाही. पॅरासिटामॉलच्या अतिसेवनाने यकृत धोक्यात आले असता एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन देणे हा आज सर्वमान्य उपचार आहे. परंतु केमोथेरपीतील काही औषधे रोगपेशी मारताना अंशतः याच मूलकांचे साहाय्य घेतात. मग यकृतासाठी उभारलेली ढाल रोगाच्याही कामी येणार नाही, याची हमी कोणी द्यावी? प्रतिबंधाच्या क्षेत्रातील अनुभवही सावध करणारा आहे. फिनलंडमधील २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला.

वनस्पतिजन्य ते निर्धोक, हा समजही तपासून घ्यावा लागेल. मुंबईतील डॉक्टरांनी गुलवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. असे वाद घोषणांनी मिटत नाहीत, चाचण्यांनी मिटतात.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ल्युकेमियाच्या ५० मुलांना मिल्क थिसल या वनस्पतीचा अर्क वा निष्क्रिय गोळी २८ दिवस देण्यात आली. निष्कर्ष आशादायक होते; परंतु ५० मुलांवरून धोरण ठरत नाही. मोठी चाचणी मात्र कोणती कंपनी करील? पेटंट नसलेल्या द्रव्यावर खर्च एकाने करायचा व लाभ सर्वांनी घ्यायचा, हा व्यवहार बाजाराला परवडत नाही. उलट तेच द्रव्य आहारपूरक म्हणून विकताना औषधासारख्या चाचण्यांचा पुरावा द्यावा लागत नाही. विक्रीला प्रोत्साहन आणि संशोधनाला मज्जाव, अशी ही विपरीत रचना आहे.

असे ज्ञान ही सार्वजनिक वस्तू आहे. तिचा भार शासनानेच उचलला पाहिजे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ४२ कर्करोग-औषधांवरील व्यापारी नफ्याला शासनाने ३० टक्क्यांची मर्यादा घातली. किमतीत हस्तक्षेप करणाऱ्या शासनाला पुराव्याच्या बाबतीत तटस्थ राहता येणार नाही. २०१२ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशभरातील कर्करोग रुग्णालये एकत्र जोडली गेली आहेत. अशा चाचण्यांसाठी तिला स्वतंत्र निधी द्यावा. आणि तोपर्यंत कोणत्याही रुग्णाने डॉक्टरांना न सांगता असे एकही 'टॉनिक' घेऊ नये.