सोयर म्हणजे विलगीकरण नव्हे

२०२०च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि आपल्याकडील काही जणांना एकाएकी सोयराची आठवण झाली. बाळंतिणीला दहा दिवस वेगळे ठेवणाऱ्या पूर्वजांना विलगीकरणाचे शास्त्र ठाऊक होते, असा हा युक्तिवाद. तो इतिहासाला सोडून आहेच. शिवाय महासाथीत बाळंत झालेल्या स्त्रीचे मन तो चर्चेतूनच हद्दपार करतो.

सोयराचा पाया अशौचाचा, संसर्गाचा नव्हे. ज्यांनी बाळाला पाहिलेलेही नाही अशा परगावच्या भाऊबंदांनाही ते लागते! आणि बाळंतिणीची खोली कधीच निर्मनुष्य नव्हती. सुईण, आई, शेकशेगडी, पाचवीचे जागरण. विटाळ पाळूनही तिच्याभोवती बायकांचा वावर असे. त्या खोलीत धूर होता, अंधार होता, मुलगी झाल्याचे टोमणेही होते. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु २०२०मध्ये अनेकींची माहेरची वाटच बंद झाली, कित्येक प्रसूतिगृहांनी सोबतीला मनाई केली. जागतिक आरोग्य संघटना मात्र बाधित स्त्रीचाही प्रसूतीच्या वेळी सोबतीचा हक्क मान्य करीत होती.

प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली १९८७पासून उपलब्ध आहे. आपल्यापाशी बाळंतिणीच्या शरीरासाठी डिंकाचे लाडू आहेत. तिच्या उदासीला मात्र ‘रडू नये, दूध आटेल’ एवढेच उत्तर!

रूपके निष्पाप नसतात, असे वर्गात शिकवणाऱ्यांनी तरी हे रूपक तपासल्यावाचून पुढे ढकलू नये. एकाकीपणाला परंपरेचे नाव दिल्याने तो सुसह्य होत नाही. तो फक्त दिसेनासा होतो.