हरवलेल्या नाहीत, भट्टीवर आहेत

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या गटात एक वाद चालू आहे आणि तो अजून मिटलेला नाही. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवर आमच्या कार्यकर्त्या बायांच्या बैठका घेतात. कुणाला अंगावरून पांढरं जातं, कुणाचं अंग बाहेर येतं, कुणाची पाळी महिनोन्महिने थांबत नाही, कुणी पिशवी काढून आली, हे त्या वह्यांत लिहून ठेवतात. हेतू साधा. कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाकडे पुन्हा जायचं, हे लक्षात राहावं. या वह्या एका डॉक्टर मैत्रिणीच्या हाती पडल्या. दोन दिवस ती वाचत बसली आणि म्हणाली, "हे वैद्यकीय नियतकालिकात गेलं पाहिजे. तुमचं निवेदन साहेब फायलीला लावतो. छापून आलेला शोधनिबंध एवढ्या सहज फायलीला लागत नाही."

काहीजणी लगेच खूश झाल्या. काहींनी सरळ विचारलं, "इंग्रजीत छापून आमच्या पाड्याला काय मिळणार?" दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माझं मत मी या अंकात मांडते आहे, कारण असे वाद इतर गटांतही होत असणार.

निबंध पाठवावा, असं मला वाटतं. तो काय करू शकतो याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. जानेवारी १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या लंडनच्या साप्ताहिकात गडचिरोलीचा एक निबंध आला. लेखकांची नावं सहा, पहिलं नाव डॉ. राणी बंग यांचं. दोन खेड्यांतल्या ६५० बायांची तपासणी त्यांनी केली होती. दवाखान्यात आलेल्या बाया नव्हेत, गावातल्या. त्यांतल्या ९२ टक्के बायांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी एक तरी आजार होता. दर बाईमागे सरासरी ३.६ आजार. आणि आयुष्यात आधी कधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या बाया होत्या फक्त ८ टक्के. त्या काळी सरकारी भाषेत बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. पोट रिकामं असलेल्या बाईला दुखणं असतं हेच कागदावर नव्हतं. या एका निबंधाने ते कागदावर आणलं.

मला त्यातला आणखी एक आकडा महत्त्वाचा वाटतो. या ६५० पैकी ४५ टक्के बायांनी आपल्याला काहीच त्रास नाही असं सांगितलं होतं. तपासणी झाल्यावर चित्र वेगळं निघालं. बैठका घेणाऱ्या कोणत्याही कार्यकर्तीला यात नवल वाटणार नाही. "काय होतंय?" विचारलं की "काय नाय" हे पहिलं उत्तर. अंगावरून जाणं हे बाईच्या जातीला आलेलंच, त्यात सांगायचं काय? पण आपल्याला नवल वाटत नाही ते शास्त्राच्या दरबारात मोजून मांडावं लागतं, आणि ते गडचिरोलीत झालं.

आता दुसरी बाजू. एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातल्या संशोधनाचा निबंध आला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कोणती तपासणी जीव वाचवते हा प्रश्न. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया, गावांचे ५२ गट. एका भागात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागातल्या बायांची तपासणी केली नाही, फक्त माहिती दिली. एचपीव्ही चाचणीच्या ३४,१२६ बायांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न केलेल्या ३१,४८८ बायांच्या गटात ६४.

या निष्कर्षाचा जगातल्या बायांना फायदा झाला हे मान्यच करायला हवं. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती द्या असं सांगते. पण मुंबई, उस्मानाबाद आणि तामिळनाडूतलं दिंडिगल अशा तीन ठिकाणच्या संशोधनांत तपासणी न केलेल्या गटांतल्या निदान २५४ बाया गेल्या, यावर अमेरिकेतले डॉ. एरिक सुबा यांनी २०१४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये बोट ठेवलं. तपासणीने जीव वाचतो हे ठाऊक असताना एका गटाला ती का नाही? संशोधकांचं म्हणणं असं की भारतात अशी तपासणी नेहमीच्या सेवेत नव्हतीच, म्हणून तो गट म्हणजे नेहमीची सेवा. हे उत्तर मला पटत नाही. सरकार देत नाही म्हणून आम्हीही दिलं नाही, असं म्हणता येतं ते फक्त गरिबाच्या गावात.

म्हणजे निबंध एकच, पण तो कुणाच्या हातून आणि कुणासाठी लिहिला जातो यावर सगळं ठरतं. म्हणून मी मसुद्याकडे वळते.

मसुदा आला तेव्हा आम्ही तो ओळीओळीने मराठी करून वाचला. वेळ गेला, पण वाद झाले ते इथेच. सगळ्यात मोठा वाद तीन इंग्रजी शब्दांवर: 'लॉस्ट टू फॉलो-अप'. म्हणजे पाठपुराव्यात हरवलेल्या. पहिल्या बैठकीला होत्या, नंतर सापडल्या नाहीत अशा बायांचा हा रकाना. वाचणारीने अर्थ सांगताच एक कार्यकर्ती उसळून म्हणाली, "हरवल्यात कुठं? भिवंडीच्या भट्टीवर हायेत. मला ठाऊक हाय कोन कुटं हाय." आमच्याकडची कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. अंगावर उचल घेतलेली असते. गरोदर बाई तिथेच बाळंत होते. हे जर त्या रकान्यात 'हरवल्या' म्हणून गेलं, तर वाचणाऱ्याला वाटेल बायांना आपल्या तब्येतीची फिकीर नाही. शेवटी मसुद्यात असं लिहायचं ठरलं की या बाया हंगामी स्थलांतरात होत्या आणि आमचा पाठपुरावा त्यांच्यापर्यंत गेला नाही. डॉक्टर मैत्रीण म्हणाली, परीक्षक याला नावं ठेवतील. ठेवू देत. वाक्य खरं आहे आणि शास्त्राला खरं वाक्यच हवं असतं.

तसंच 'रिफ्यूज्ड' या शब्दाचं. तपासणीला 'नकार दिला'. पुरुष डॉक्टर, पडदा नाही, बाहेर नवरा उभा; तिथे बाई टेबलावर चढली नाही तर तो नकार कुणाला दिलेला?

एका जागी मात्र मी डॉक्टर मैत्रिणीच्या बाजूने उभी राहिले. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा, मोडकसागर आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. तानसा तर १८९२ पासून मुंबईची तहान भागवतं. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, बाया डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात. बाळंतपणाला महिना झाला नाही तोच हंडा डोक्यावर. आमच्या काहीजणींना निबंधात सरळ लिहून हवं होतं की पाणी वाहिल्यामुळेच अंग बाहेर येतं. जड ओझं उचलण्याने हा त्रास होण्याचा धोका वाढतो हे वैद्यकशास्त्र मानतंच. पण आमच्या वह्यांत ज्यांना त्रास आहे त्यांच्याच नोंदी जास्त. पाणी वाहूनही ज्यांना त्रास नाही त्यांची नोंद कुणी ठेवली? ती नसताना 'मुळेच' लिहिलं तर पहिलाच परीक्षक निबंध परत करेल, आणि त्याचं बरोबर असेल. मोर्चातल्या घोषणेला पुरावा जोडावा लागत नाही, निबंधाला लागतो. आपल्याला गैरसोयीचा वाटला तरी हा नियम आपल्या फायद्याचा आहे, कारण उद्या औषध कंपनी 'मुळेच' म्हणेल तेव्हा आपणही पुरावाच मागणार.

ठिकाणाच्या नावावरही बोलणं झालं. मसुद्यात 'पश्चिम भारतातला एक आदिवासी भाग' असं होतं. बायांची ओळख लपावी म्हणून. पाड्याचं नाव लपवलंच पाहिजे. बारा घरांच्या पाड्यात 'चाळिशीतली, पाच बाळंतपणं झालेली, अंग बाहेर आलेली' एवढं लिहिलं की ती कोण हे शेंबडं पोरही सांगेल. पण तालुक्याचं नाव का लपवायचं? ते लपलं की भातसा लपतं, रुग्णालयातलं रिकामं पद लपतं, बाईचं दुखणं हवेत तरंगायला लागतं. पाडा झाकायचा, तालुका लिहायचा, यावर बहुतेकींचं एकमत झालं.

उरला लेखकांच्या नावांचा प्रश्न, आणि तो अजून सुटलेला नाही. वैद्यकीय संपादकांचा एक आंतरराष्ट्रीय गट आहे, १९७८ मध्ये व्हँकुव्हरला पहिल्यांदा भरलेला. लेखक कुणाला म्हणायचं याचे त्यांचे नियम बहुतेक नियतकालिकं पाळतात. आज चार अटी आहेत: संशोधनाच्या आखणीत, माहिती मिळवण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात मोठा वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या करणं, अंतिम मसुद्याला संमती, आणि सगळ्या कामाची जबाबदारी घेणं. चारही हव्यात. ऐकायला न्याय्य. पण आमच्याकडे काय होतं बघा. पाड्यापाड्यावर चालत जाऊन, रात्री बायांजवळ बसून जिने माहिती मिळवली, तिची पहिली अट पूर्ण. मसुदा इंग्रजीत, म्हणून दुसरी नाही. मग निबंधाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे आभार'. नावसुद्धा नाही.

हे नियम मी नीट वाचून घेतले. त्यांत पुढे असंही म्हटलं आहे की जो पहिली अट पूर्ण करतो त्याला मसुद्यावर काम करण्याची आणि संमती देण्याची संधी मिळाली पाहिजे. ती नाकारून त्याला लेखकपदापासून दूर ठेवण्यासाठी या अटी नाहीत. म्हणजे अडचण नियमात नाही, भाषेत आहे. आणि भाषेची अडचण आपण सोडवू शकतो. प्रत्येक मसुदा मराठीत, मोठ्याने वाचून, दुरुस्त्या लिहून घेऊन. ते काम आम्ही केलंच आहे. 'हरवल्या'ची दुरुस्ती जिने केली तिने निबंधातलं एक महत्त्वाचं विधान बदललं. ती दुसरी अट नाही तर काय? तिचं नाव लेखकांत असावं असा माझा आग्रह आहे. विरोध आहे तो दोन प्रकारचा. काही म्हणतात, शाळा सातवीपर्यंत शिकलेल्या बाईचं नाव पाहून परीक्षक हसतील. ज्या नियतकालिकांत परीक्षकांना लेखकांची नावं कळतच नाहीत तिथे पाठवा, हे त्याला उत्तर. दुसरा विरोध तिचाच. ती म्हणते, "ताई, नाव छापून आलं आणि गावात कुनी विचारलं तर? बायांचं गुपित हिनं विकलं म्हनतील." याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. ते तिने ठरवायचं, आणि ठरवायला तिला वेळ द्यायचा.

तिच्या या बोलण्यामागे खरा पेच आहे. बायांनी आपलं दुखणं सांगितलं ते औषधपाण्यासाठी, छापण्यासाठी नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नियमांप्रमाणे माणसांवरचं संशोधन सुरू होण्याआधी नैतिकता समितीची परवानगी लागते. झालेल्या संशोधनाला मागाहून ती मिळत नाही. आमच्या वह्या संशोधन म्हणून लिहिल्याच नव्हत्या, तेव्हा जुन्या नोंदी वापरू द्याव्यात म्हणून समितीकडे अर्ज करायचा आहे. काहीजणींना हा कागदी घोळ वाटतो. मला वाटत नाही. परिषदेने २००० साली नियमावली काढली तेव्हा शीर्षकात माणसांसाठी 'सब्जेक्ट' असा शब्द होता, २००६ मध्ये 'पार्टिसिपंट' झाला. हेलसिंकीच्या जाहीरनाम्याने तोच बदल २०२४ मध्ये केला. शब्द बदलला आहे. समितीने नुसता होकार दिला तरी पाड्यावर जाऊन विचारल्याशिवाय बाई 'सहभागी' होत नाही. ज्यांना नको त्यांच्या नोंदी काढून टाकायच्या, मग त्याने आकडेवारी लंगडी झाली तरी चालेल.

पैशांचं थोडक्यात. छापण्यासाठी हजारो डॉलर मागणारी नियतकालिकं आहेत, "आदरणीय प्राध्यापक" म्हणून गोड पत्रं पाठवून आठ दिवसांत काहीही छापणारीही आहेत, आणि एक पैसा न घेता नीट तपासून छापणारीही आहेत. तिसऱ्या प्रकारचं शोधावं, नाव लहान असलं तरी.

सध्या एवढं ठरलं आहे की दसऱ्याच्या आत पाड्यांवर मराठी मसुद्याची वाचनं पुरी करायची. दिवाळीनंतर निम्म्या बाया भट्टीवर गेलेल्या असतील. ज्यांच्यापर्यंत तोवर पोचणार नाही, त्यांच्यासाठी भिवंडी आणि कल्याणच्या भट्ट्यांवर रविवारी जायला दोघीजणी तयार आहेत. त्या भागात काम करणाऱ्या गटांनी बसायला जागा आणि एक ओळखीची बाई मिळवून दिली तर बरं होईल. आणि तुमच्या तालुक्यातल्या माहितीवर असा निबंध कुणी लिहिला असेल, तर तो परत वाचून दाखवला का, त्यावर नावं कुणाची आली, हे मासिकाच्या पत्त्यावर जरूर लिहून कळवा.